सांगड पाण्यावरची : उभयचर लष्करी ट्रक, त्यांचे ट्रेलर आणि खडकवासल्याचा जलाशय

१/
पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारे १७ किलोमीटरवर खडकवासल्याचा जलाशय आहे. त्याच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी आहे, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र प्रबोधिनी येण्यापूर्वी याच जलाशयाच्या उत्तर तीरावर एक ‘जहाज’ उभे होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्याचे नाव एचएमएस अँगोस्टुरा. ते कधीच समुद्रात गेले नाही. कारण ती सैनिकांच्या सरावासाठी उभारलेली जहाजाची प्रतिकृती होती.

२/
दुसऱ्या महायुद्धात येथे संयुक्त सेनादलांचे प्रशिक्षण केंद्र होते. जहाजातून शत्रूच्या किनाऱ्यावर कसे उतरावे, हे सह्याद्रीच्या कुशीतील गोड्या पाण्यावर शिकवले जात असे. परंतु सैनिक किनाऱ्यावर उतरणे हा प्रश्नाचा केवळ पूर्वार्ध आहे. उत्तरार्ध असा : त्याच्यामागून त्याचा दारूगोळा, पाणी, इंधन आणि भाकरी किनाऱ्यावर कशी पोहोचणार? हा थ्रेड त्या उत्तरार्धाविषयी, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या ट्रकांविषयी आणि त्यांच्या मागे जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरांविषयी आहे.

३/
महायुद्धातील एका पायदळ डिव्हिजनला लढत राहण्यासाठी दररोज काही शे टन सामग्री लागे. शांततेच्या काळात असा माल बंदरात उतरतो. तेथे धक्का असतो, क्रेन असते, रेल्वे असते. शत्रूलाही हे ठाऊक असल्यामुळे तो बंदरांची राखण सर्वाधिक करतो. १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्समधील दिएप या बंदरावर दोस्त राष्ट्रांनी समोरून हल्ला केला. त्यात सुमारे ५,००० कॅनडियन सैनिक होते. त्यांपैकी ९०० हून अधिक ठार झाले आणि जवळपास २,००० कैद झाले. बंदर हाती लागले नाही.

४/
दिएपने एक गोष्ट स्पष्ट केली. उतरायचे असेल तर बंदर सोडून उघड्या वाळूवर उतरावे लागेल. पण वाळूवर धक्का नसतो. जहाज दूर खोल पाण्यात थांबणार. माल लहान होड्यांत उतरणार. होड्या वाळूवर येणार. तेथे माणसे गुडघाभर पाण्यात उभी राहून पेट्या खांद्यावर घेणार. पेट्यांचे ढीग लागणार. मग ते ढीग उचलून ट्रकमध्ये भरणार. एकच पेटी तीनतीनदा उचलायची, आणि तीही गोळीबाराखाली. किनाऱ्यावर साचलेला माल हा शत्रूच्या विमानांना सर्वांत सोपा नेम असे.

५/
यावर उपाय म्हणून अमेरिकेत १९४२ साली एक वेगळी कल्पना पुढे आली. होडीतून ट्रकमध्ये माल हलवण्याऐवजी ट्रकलाच होडी करावे. शिडाच्या नौकांचे आरेखन करणाऱ्या स्पार्कमन अँड स्टीफन्स या संस्थेतील रॉड स्टीफन्स धाकटे, दर्यावर्दी इंग्रज डेनिस पल्स्टन आणि एमआयटीतून आलेले फ्रँक स्पीअर या तिघांनी आराखडा केला. पाया म्हणून त्यांनी जनरल मोटर्सचा अडीच टनी, सहाही चाके इंजिनाने फिरणारा लष्करी ट्रक निवडला. त्याच्या सांगाड्याभोवती पोलादी नौकेचे अंग चढवले आणि मागे पंखा व सुकाणू बसवले.

६/
या वाहनाचे नाव डीयूकेडब्ल्यू. हे शब्दांचे लघुरूप नव्हते. ती कंपनीची सांकेतिक अक्षरे होती. डी म्हणजे १९४२ चा आराखडा, यू म्हणजे उभयचर प्रकार, के म्हणजे पुढची चाकेही इंजिनाने फिरणारी आणि डब्ल्यू म्हणजे मागचे दोन्ही आस फिरणारे. सैनिकांनी त्याचा उच्चार ‘डक’, म्हणजे बदक, असा केला आणि तेच नाव रूढ झाले. लांबी ३१ फूट. जमिनीवर वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर, पाण्यात सुमारे १०. माल अडीच टन किंवा माणसे पंचवीस. युद्ध संपेपर्यंत अशी २१,००० हून अधिक वाहने तयार झाली.

७/
लष्करातील अनेक अधिकाऱ्यांना आरंभी ही कल्पना हास्यास्पद वाटली होती. मग डिसेंबर १९४२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्रॉव्हिन्सटाउन किनाऱ्यावर, ऐन वादळात, तटरक्षक दलाची एक गस्ती नौका वाळूच्या दांड्यावर रुतली. लाटांमुळे नेहमीच्या होड्या तिच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हत्या. प्रात्यक्षिकासाठी जवळच आणलेला डक पाण्यात घालण्यात आला आणि त्याने नौकेवरील सातही जणांना सुखरूप किनाऱ्यावर आणले. त्यानंतर विरोध ओसरू लागला.

८/
डकचे खरे वैशिष्ट्य तरंगण्यापेक्षा वाळूवर चालण्यात होते. हवा घट्ट भरलेले चाक मऊ वाळूत रुतते. हवा कमी केली की ते पसरते आणि वजन अधिक क्षेत्रावर विभागले जाते. पण खाली उतरून सहा चाकांची हवा सोडणे आणि रस्त्यावर आल्यावर पुन्हा भरणे किनाऱ्यावर शक्य नसते. म्हणून डकमध्ये चालकाला आसनावर बसूनच सर्व चाकांतील हवेचा दाब कमी-अधिक करता येईल अशी योजना करण्यात आली. पाणी, वाळू आणि रस्ता हे तीन प्रदेश एकाच फेरीत ओलांडणारे वाहन त्यामुळे खरोखर साध्य झाले.

९/
१० जुलै १९४३ रोजी सिसिलीवर उतरताना डक मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आणि त्यांची उपयुक्तता वादातीत ठरली. पुढे नॉर्मंडीतही तेच झाले. १९ ते २२ जून १९४४ च्या वादळाने ओमाहा किनाऱ्यासमोर उभारलेले अमेरिकनांचे कृत्रिम बंदर मोडून टाकले. तरी वाळूवरची मालवाहतूक पुन्हा सुरू झाली. त्यात डकांचा वाटा मोठा होता. आता मर्यादा उरली एकच : अडीच टन. ३१ फुटी अवजड वाहन, त्याचे मोठे इंजिन, प्रशिक्षित चालक, आणि इतके सारे करून फेरीमागे माल अडीच टन.

१०/
या मर्यादेवरचा सर्वांत स्वाभाविक उपाय ग्रामीण महाराष्ट्रातील कोणालाही सुचेल : मागे ट्रॉली जोडा. वाशीम जिल्ह्यातील मेडशीहून पातूरकडे सोयाबीनने किंवा कापसाने भरलेली ट्रॉली ओढत निघालेला ट्रॅक्टर हे नित्याचे दृश्य आहे. ट्रॅक्टर स्वतःच्या अंगावर फारसे काही वाहू शकत नाही, पण ओढू पुष्कळ शकतो. ओढण्याची ताकद आणि वाहण्याची जागा वेगळी करणे, हे ट्रेलरचे मूळ तत्त्व. महायुद्धात हेच तत्त्व उभयचर वाहनांना लावण्याचा प्रयत्न झाला आणि तरंगू शकतील असे ट्रेलर आखले गेले.

११/
ट्रेलरचा आणखी एक लाभ उसाच्या पट्ट्यात पाहायला मिळतो. कारखान्याच्या आवारात भरलेली ट्रॉली सोडून ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली घेऊन परततो. ऊस उतरेपर्यंत इंजिन खोळंबत नाही. जहाज किनाऱ्यापासून दोन किलोमीटरवर असेल तर डकला एकेरी अंतर कापायला बारा मिनिटे लागतात. पण जहाजाच्या कडेला डोलत माल घेणे आणि किनाऱ्यावर तो उतरवणे यात त्याहून कितीतरी अधिक वेळ जातो. आधीच भरून ठेवलेला ट्रेलर हा वेळ वाचवू शकत होता. कागदावर हिशेब नेटका होता.

१२/
पाण्याचा हिशेब मात्र वेगळा असतो. जमिनीवर ट्रेलरचे वजन त्याच्या चाकांवर असते आणि थोडा भार जोडणीच्या आकड्यावर येतो. पाण्यात चाकांना आधार नाही. ट्रेलरने स्वतःच तरंगले पाहिजे आणि समतोल तरंगले पाहिजे. माल किंचित पुढे सरकला तर त्याचे नाक खाली जाते आणि ते पुढच्या वाहनाची शेपटीही खाली ओढते. उभयचर वाहनाची काठ-उंची आधीच कमी असते. एखादी लाट मागून आत आली की इंजिनाची जागा आणि मालाची जागा एकाच वेळी भरते.

१३/
दुसरी अडचण पंख्याची. डकचा पंखा मागच्या बाजूला, तळाखालच्या बोगद्यासारख्या खोबणीत फिरतो आणि पाणी मागे फेकतो. त्या फेकण्यामुळेच वाहन पुढे जाते. ट्रेलर ठीक मागे असेल तर ते पाणी त्याच्या तोंडावर आदळते, म्हणजे पुढे ढकलणारा जोर काही अंशी स्वतःच्याच ओझ्यावर खर्च होतो. वळतानाही तेच. सुकाणू पुढच्या वाहनाची शेपटी एका बाजूस नेऊ पाहते, तर मागचे ओझे तिला सरळ धरून ठेवते. भरतीच्या प्रवाहात ही ओढाताण चालकाच्या हातून सहज निसटू शकते.

१४/
तिसरी आणि सर्वांत कठीण जागा म्हणजे पाण्याची कड. समुद्रात शिरताना ट्रक आधी तरंगू लागतो आणि ट्रेलर मात्र अजून वाळूत असतो. चाकांची पकड ज्या क्षणी सुटते, नेमकी त्याच क्षणी सर्वाधिक ओढ लागते, आणि ती देण्यासाठी उरतो फक्त पंखा, ज्याचा जोर चाकांच्या तुलनेत फार थोडा. बाहेर येताना उलट घडते. ट्रकची चाके जमिनीला लागतात, ट्रेलर अजून तरंगत असतो आणि मागून येणारी लाट त्याला आडवा फिरवते किंवा ट्रकवर आपटते.

१५/
मराठीला या प्रश्नाची जुनी ओळख आहे. ‘सांगड’ हा शब्द मुळात नदीवरचा. दोन डोणी किंवा ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार त्यावरून आला. सांगड घालताना नावा शेजारी-शेजारी बांधल्या जात, एकामागे एक नव्हे. शेजारी बांधल्याने तळ रुंद होतो आणि कलंडण्याची भीती घटते. मागे बांधलेली नाव मात्र ओढ वाढवते, स्थैर्य वाढवत नाही. ट्रेलरला हे दुसरे जोखड स्वीकारावेच लागते, कारण किनाऱ्यावर येताच त्याला रस्त्यावरून मागोमाग चालायचे असते.

१६/
तरीही तरंगणारा ट्रेलर यशस्वी झाला; मात्र तो आकाराने लहान होता. त्यामागची कथा अमेरिकन बँटम या पेन्सिल्व्हेनियातील बटलर गावच्या छोट्या मोटार कंपनीची आहे. १९४० साली अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीचा नमुना अवघ्या ४९ दिवसांत मागितला. बँटमने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यावर तो तयार केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी लष्कराच्या हवाली केला. जगाने पुढे जिला ‘जीप’ म्हणून ओळखले, तिचा हा पहिला अवतार. पण प्रचंड उत्पादनाची कंत्राटे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांना मिळाली.

१७/
बँटमच्या वाट्याला काय आले? जीपच्या मागे जोडायचा पाव टनी ट्रेलर. ज्यांनी गाडी घडवली त्यांनी पुढे गाडीमागची पेटी घडवली. ही पेटी मात्र विचारपूर्वक केलेली होती. तिचे पोलादी अंग पाणी आत येणार नाही असे जोडलेले होते. तळाला पाणी काढून टाकण्यासाठी बुचे होती. रिकामे वजन साधारण २५० किलो, माल ५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. एकूण साधारण ४७७ किलो. म्हणजे तितके लिटर पाणी बाजूला सारले की ती तरंगणार. पेटीचे आकारमान याहून बरेच मोठे असल्यामुळे पुरेसा काठ पाण्यावर राही.

१८/
म्हणजे साधी जीप नदीच्या या काठावर थांबली तरी तिचा ट्रेलर दोराने ओढून मालासह पलीकडे नेता येई. जीपचा उभयचर अवतार, फोर्ड जीपीए, याच्या मागे तर तो पाण्यातूनही जोडून नेता येत होता. परंतु जीपीए स्वतःच फसला. तो अपेक्षेपेक्षा जड झाला आणि त्याचा काठ पाण्यापासून फार खाली राहिला. शांत नदीत तो चाले, समुद्राच्या लाटांत नाही. १९४३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. तोवर १२,००० हून अधिक तयार झाले होते आणि त्यांतील बरेच सोव्हिएत रशियाकडे गेले. तरंगणाऱ्या ट्रेलरचा ओढणारा साथीदार असा लवकर निवृत्त झाला.

१९/
नॉर्मंडीत ब्रिटिशांनी हाच प्रश्न निराळ्या वाटेने सोडवला. ‘पॉर्पस’ नावाची, पाणी न शिरणारी पोलादी घसरपेटी दारूगोळ्याने भरून रणगाड्यांच्या मागे जोडण्यात आली. तिला तरंगायचे नव्हते. तळावरून घसरत यायचे होते. पाण्याची कड ही तिन्ही उपायांची परीक्षा होती : मालवाहू ट्रेलर, जीपची पेटी आणि घसरपेटी. जे ओझे सर्वांत साधे आणि सर्वांत लहान होते, ते ही कड सर्वांत निर्धोकपणे ओलांडत असे.

२०/
आता भारताकडे वळू. नोव्हेंबर १९४३ मध्ये लॉर्ड माउंटबॅटन यांच्या हाताखाली आग्नेय आशिया सेनाविभाग अस्तित्वात आला. ब्रह्मदेश, मलाया, सुमात्रा यांचे लांबच लांब किनारे जपानच्या ताब्यात होते आणि तेथे समुद्रातून उतरण्याच्या योजना आखल्या जात होत्या. त्यासाठी सैनिक तयार करण्याचा एक मोठा पट्टा महाराष्ट्रात होता. खडकवासल्याला पाणी होते, डोंगराळ भूमी होती, लोहगावचा विमानतळ हाताशी होता आणि अरबी समुद्रही फार दूर नव्हता. रॉयल इंडियन नेव्हीच्या उतरण-नौकांच्या विभागाने ‘हमला’ हे नाव धारण केले.

२१/
सैनिक शिकत होते. नौका मात्र निघून गेल्या. अंदमानवर उतरण्याची ‘बकनीअर’ ही योजना डिसेंबर १९४३ मध्ये रद्द झाली, कारण उतरण-नौका युरोपच्या मोहिमांसाठी हव्या होत्या. हिंदी महासागराच्या वाट्याला नेहमी उरलेसुरले येई. उभयचर वाहनांचेही तेच. ब्रह्मदेशातील सैन्याने म्हणूनच मोठ्या नद्या पुष्कळदा जुळवलेल्या तराफ्यांवर, जुन्या होड्यांवर आणि सॅपर्सच्या हिकमतीवर ओलांडल्या. आधुनिक युद्धाच्या या रंगमंचावर जुनी सांगड पुन्हा कामाला आली.

२२/
याच काळात मुंबईने एकाच बंदरावर विसंबण्याची किंमत मोजली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गाठी आणि जवळपास १,४०० टन स्फोटके एकत्र होती. दुपारी चारच्या सुमारास पहिला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली आणि गोद्यांचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. राडारोडा उपसण्यास सुमारे ८,००० माणसांना सात महिने लागले. धक्क्यावाचून माल उतरवण्याची विद्या केवळ शत्रूच्या किनाऱ्यासाठी नव्हती, हे या घटनेवरून कळते.

२३/
मराठी सैनिकांच्या दृष्टीने या प्रश्नाचे मोल इटलीत दिसते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पहिल्या मराठा बटालियनने हल्ला केला. दोन्ही तीरांवर उंच बांध, त्यांत सुरुंग आणि मशीनगन. सैनिक गळ्याएवढ्या पाण्यातून पलीकडे गेले. शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना पाठीवर घेऊन सुरुंगांतून नदीपार आणले आणि मग परत जाऊन तीन मशीनगन ठाणी एकट्याने बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेथे जखमीला परत आणणारे वाहन म्हणजे माणसाची पाठ.

२४/
त्याच मोहिमेत फार दूर नसलेल्या कोमाकिओ सरोवरावर ब्रिटिशांकडे साखळीपट्ट्यांवर चालणारी उभयचर वाहने होती. १ एप्रिलच्या रात्री कमांडो दल ती घेऊन निघाले. पाणी उथळ आणि तळाशी दाट चिखल. वाहने त्यात रुतली आणि कमांडोंना हलक्या होड्या ढकलत, ओढत पुढे जावे लागले. दहा दिवसांनी, पाण्याची नीट पारख केल्यावर, तीच वाहने उपयोगी पडली. यंत्र तेच होते. फरक तळाच्या ज्ञानाचा होता.

२५/
या ज्ञानाची सर्वांत मोठी परीक्षा मलायात झाली. ‘झिपर’ ही मोहीम खडकवासल्यासारख्या केंद्रांतील साऱ्या तयारीचा कळस ठरायची होती. पण ती सुरू होण्याआधीच जपान शरण आला. तरी ९ सप्टेंबर १९४५ रोजी मोरीबच्या किनाऱ्यावर सैन्य ठरल्याप्रमाणे उतरले. वाळूचा वरचा थर टणक दिसत होता. खाली चिखल होता. वाहनांमागून वाहने रुतली, काही भरतीच्या पाण्यात बुडाली. समोरून एकही गोळी येत नव्हती, म्हणून ती केवळ फजिती ठरली. प्रतिकार झाला असता तर काय झाले असते, यावर इतिहासकार आजही गंभीरपणे लिहितात.

२६/
या मोहिमेसाठी नेमलेल्या २३व्या हिंदी डिव्हिजनमध्ये चौथी आणि सहावी मराठा अशा दोन बटालियन होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या खेड्यांतून आलेली ही माणसे. त्यांच्यामागून दारूगोळा आणि पाणी येणार होते ते याच रुतणाऱ्या वाहनांतून. पुढे ऑक्टोबर १९४५ मध्ये या दोन्ही बटालियन जावामधील सुराबाया येथे पाठवल्या गेल्या आणि तेथे इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्याशी त्यांचा रक्तरंजित सामना झाला. मोरीबने जे प्राण वाचवले, त्यांतील काही सुराबायाने घेतले.

२७/
उभयचर वाहन आणि मागचे ओझे यांची एक विलक्षण उत्तरकथा भारतातच सुरू झाली. रॉयल इंडियन इंजिनिअर्समधील ऑस्ट्रेलियन अधिकारी बेन कार्लिन यांनी युद्धाच्या अखेरीस बंगालमधील कलाईकुंडा तळावर एक फोर्ड जीपीए पाहिला आणि त्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा निश्चय केला. अटलांटिक ओलांडण्यासाठी लागणारे इंधन त्या छोट्या गाडीत मावेना. म्हणून एक टाकी पाण्यावर मागे ओढण्याची योजना झाली. ही ओढती टाकी सुटल्यामुळे एक प्रयत्न सोडून द्यावा लागला. १९५० साली हॅलिफॅक्सहून निघून ३२ दिवसांनी ते अझोर्स बेटांवर पोहोचले; प्रदक्षिणा १९५८ मध्ये पूर्ण झाली.

२८/
जीपचा ट्रेलर मात्र शांतपणे नागरी जीवनात शिरला. १९४७ पासून मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि जीपबरोबर मागे पेटी जोडण्याची रीतही स्थिरावली. लष्करी छावण्यांत, धरणांच्या बांधकामांवर, वनखात्याच्या रस्त्यांवर ती दिसू लागली. तळाची बुचे आणि पाणी न शिरणारे सांधे कशासाठी होते, हे हळूहळू विसरले गेले. वस्तू टिकते, तिचा हेतू हरवतो; तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार घडते.

२९/
खडकवासल्याच्या केंद्राचाही हेतू बदलला. युद्धानंतर प्रबोधिनीसाठी जागा शोधताना तेथील जुने प्रशिक्षण केंद्र आणि वापरात नसलेली अँगोस्टुरा या गोष्टी खडकवासल्याच्या पथ्यावर पडल्या. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली. मुख्य इमारतीचे नाव सुदान ब्लॉक. सुदानच्या मोहिमेत लढलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ तेथील सरकारने दिलेल्या एक लाख पौंडांच्या देणगीतील भारताच्या वाट्याचा निधी त्यासाठी वापरला गेला.

३०/
आणि ‘हमला’? ज्या नावाने कधी किनाऱ्यावर चाल करून जाणारे घडवले, त्याच नावाची नौसेनेची संस्था मालाडच्या मार्वे येथे आहे आणि तिचा विषय आहे पुरवठा : माल, हिशेब, साठा, वाहतूक. नाव आक्रमणाचे आणि शिक्षण भाकरीचे. हा विरोधाभास वाटतो, पण या थ्रेडमधील प्रत्येक घटना सांगते की तो तसा नाही. दिएप, सिसिली, कोमाकिओ, मोरीब : सर्वत्र निर्णायक पट्टा होता तो जिथे पाणी संपते आणि वाळू सुरू होते, तो काही हातांचा.

३१/
किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैन्याचे छायाचित्र पुन्हा पाहताना एक लहानशी सवय लावून घ्यावी. पुढे धावणाऱ्या माणसांवरून दृष्टी जरा मागे न्यावी. वाहनाच्या शेपटीला काय जोडले आहे, त्याची चाके कशावर टेकली आहेत, आणि पुढची लाट किती जवळ आली आहे, हे पाहावे. त्या सैनिकाच्या बंदुकीत उद्या गोळी असेल की नाही, त्याच्या जखमेवर पट्टी येईल की नाही, याचे उत्तर बहुधा तेथेच असते.

(थ्रेड समाप्त)
#इतिहास #दुसरे_महायुद्ध #महाराष्ट्र #लष्करी_इतिहास